राखीआधीची आंघोळ

साबण झिजत झिजत शेवटी त्याची एक चिप उरते. ती फेकवत नाही, म्हणून आपण ती नव्या वडीला चिकटवतो. जेलच्या गेटवरचे किस्सेही असेच. एक सांगायला घेतला की त्याला चिकटलेला दुसरा निघतो.

गुड्डीचे पप्पा घरी येऊन आता बरेच दिवस झाले. ट्रॅक्टर पुन्हा हाती आला, पोटभर जेवतात, घोरतातही. तरी मुलाकातीचा वार उजाडला की मला सकाळपासून वाटतं, आपलं काहीतरी न्यायचं राहिलं. परवा ते म्हणाले, "काहून बावरल्यावानी करून राह्यली?" मी म्हटलं, "काही नाही, कौशल्यामावशीची आठवण येऊन राह्यली." ते म्हणाले, "मी घरी आलो तरी तुले जेलचीच आठवण येते?" 

माझं माहेर गोंदियाकडचं, शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. सासर बालाघाटचं. एका लग्नाच्या वरातीत डीजेवरून मारामारी झाली आणि पोलिसांनी ज्यांना उचललं त्यांत आमचे हेही होते. यांनी हात उचलला की नाही ते कोर्टाचं कोर्ट पाहील. पण त्या दिवशी अंगात नवा लाल शर्ट होता, त्यामुळे सगळ्यांना हेच तेवढे आठवत होते, हे मात्र खरं. तेव्हा गुड्डी पोटात होती. ती जन्मली, बसायला लागली, दात आले, आणि तिच्या बापानं तिला पाहिलं ते फक्त जाळीतून. मुलाकातीच्या खिडकीला दोन जाळ्या असतात, मध्ये हातभर जागा. बोट लावायचं म्हटलं तरी लागत नाही.

गेटसमोर एक मोठं कडुनिंबाचं झाड आहे. नंबर लागेपर्यंत बाया तिथंच बसतात. तिथं मला दोघी भेटल्या. एक कौशल्यामावशी, वारासिवनीच्या, त्यांचा पोरगा गजानन आत. दुसरी फुलाआजी, राजेगावची, तिचा नवरा सोनबाजी आत. योगायोग असा की तिघींचे तिघेही एकाच बराकीत. म्हणजे आत त्यांचा संसार वेगळा आणि झाडाखाली आमचा वेगळा.

*

घरातला एक माणूस जेलात गेला की खर्च कमी होईल असं वाटतं. होतं उलटं. घरी एका साबणात सासूपासून लेकरापर्यंत सगळे धुतात, पण जेलातल्या माणसाला त्याची वेगळी वडी लागते, वेगळं तेल, वेगळं मंजन, वेगळी चप्पल. सरकार जेवण देते, कांबळं देते. बाकी माणूस स्वच्छ ठेवायचा तो घरच्यांनी.

बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा गेले त्या खेपेला बाजारातला सगळ्यात चांगला ब्रश घेतला. लांब दांडीचा, मागच्या दाढेपर्यंत पोचणारा. खिडकीवर सामान तपासायला तिवारीजी म्हणून शिपाई होते. त्यांनी ब्रश पाहिला, उलटा केला, आणि कटकन दांडी मोडून बोटभर ठेवली. आत लांब दांडी चालत नाही, तिला घासून टोक काढता येतं म्हणे. मला कुठलं माहीत? नवा ब्रश डोळ्यांसमोर मोडला, मला रडूच आलं. काखेत गुड्डी, ती माझ्याकडे पाहून रडायला लागली.

मागून एक बाई म्हणाली, "रडू नको व माय. दांडीच तोडली न, दात तर नाही तोडले."

ह्या कौशल्यामावशी. ओळख अशी झाली.

*

मला जंतूंची फार भीती. लेकरू झाल्यापासून तर जास्तच. कोणी गुड्डीचा गाल धरला तरी मी घरी जाऊन तो गाल धुते. आता अशा बाईच्या समोर तिवारीजी काय करायचे, तर एकाची चप्पल वाकवून पाहायचे, दुसऱ्याच्या पिशवीचा तळ चाचपायचे, आणि तोच हात माझ्या चिवड्यात घालून ढवळायचे.

एक दिवस माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साहेब, आधी हात धुऊन घ्या न."

मावशींनी माझा पदर मागून ओढला. तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं, गुड्डीकडे पाहिलं, उठले आणि नळावर जाऊन खरंच हात धुऊन आले. मला वाटलं, संपलं. कुठलं संपतं! माझ्या मागच्या बाईनं आपला डबा झाकूनच धरला. "साहब, इसका हो गया, अब मेरा. हाथ धो लो." मग तिच्या मागचीनं. त्या दिवसापासून खिडकीवर साबणाची वडी आणि पाण्याची बादली आली ती आलीच.

थंडीत तिवारीजींचे हात पार फुटले. मला पाहून म्हणाले, "बहनजी, आपके आदमी की सज़ा अभी तय नहीं हुई, मेरी शुरू हो गई."

पुढच्या खेपेला मी त्यांच्यासाठी खोबरेल तेल नेलं. त्यांनी ते झाकण काढून, हुंगून, नियमाप्रमाणे तपासून घेतलं.

*

साबणाची वडी आत जाताना तिचे तुकडे करून पाहतात, आत काही लपवलं तर नाही म्हणून. मावशींना हे फार लागायचं. "चांगली वडी नासवते मेला." पण गजाननानंच एकदा जाळीतून सांगितलं, "माय, तुकडे झाले ते बरं झालं. आतमधी साबणावरच सगळं चालते. एक तुकडा देल्ला का दाढी करून भेटते, एक देल्ला का कपडे धुवून भेटते. अख्खी वडी देल्ली तर समोरचा म्हणते, सुट्टे नाहीत."

मावशी हुशार. पुढच्या खेपेला त्यांनी घरीच विळीवर वडीचे बारीक बारीक तुकडे केले, शंकरपाळ्यासारखे, आणि पिशवी भरून आणली. तिवारीजी पिशवीत पाहत बसले.

"अम्मा, ये क्या है?"

"साबन."

"काटना तो मेरा काम है."

मावशी म्हणाल्या, "तुमचे हात फुटले न बाप्पा. बसा आरामात."

*

नाडीचंही तसंच. पायजम्याला नाडी चालत नाही, इलॅस्टिक लावून न्यावं लागतं. मावशींनी गजाननाचा पायजमा शिवला तो त्याच्या जुन्या मापानं. तो बाहेर असताना चांगला गुटगुटीत होता. आत जाऊन निम्मा झाला, हे मावशींच्या डोळ्यांना दिसायचं पण कात्रीला दिसलं नाही.

गजाननाचा स्वभाव तापट. मुलाकातीला आला की दोन्ही हात नाचवून आईशी भांडायचा. वकील असाच केला, लोणचं खारटच आणलं, काकाला पैसे मागितले नाहीत. मावशींना एक वाक्य पुरं बोलू द्यायचा नाही. त्या दिवशी मात्र आला तो एक हात कमरेवर ठेवून. बोलायला लागला, हात उचलला, आणि लगेच परत खाली. पायजमा घसरत होता. दुसरा हात उचलला, तरी तेच. शेवटी दोन्ही हातांनी पायजमा धरून उभा राहिला आणि आईचं सगळं ऐकून घेतलं. औषध घे, भांडू नको, वकिलाच्या मागं मी जातो. मावशी बोलत होत्या आणि तो मान हलवत होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, पुढच्या बारीले घट्ट इलॅस्टिक टाकून आणा."

"काहून?" मावशी म्हणाल्या. "जल्मल्यापासून पहिल्यांदा आयकलं त्यानं माह्यं. एवढ्यात नाही बदलत मी."

*

आता बादलीचं सांगते, कारण इथून पुढं सगळं राखीकडे जातं.

आत आंघोळीला बादली घरून द्यावी लागते, आणि तिला कडी चालत नाही. लोखंडाची तार असते ना ती. दुकानदाराकडे नवी बादली घ्यायची आणि त्याच्याचकडून कडी काढून घ्यायची. तो दर वेळी म्हणायचा, "कडीचे पैसे कमी होणार नाहीत." मग अशी बिनकडीची भरलेली बादली उचलायची कशी? तर दोन्ही हातांनी कवेत घेऊन, पोटाशी धरून.

गजाननानं आम्हाला जाळीतून सांगितलं, "वहिनी, हा तुमचा नवरा पागल झाला. बादली कडेवर घेते. नळापासून बराकीपर्यंत पाणी सांडू न देता चालते, अन् वरून थोपटते बी."

मी यांच्याकडे पाहिलं. हे लाजले. म्हणाले, "राखीले जाळी नसते न. गुड्डीले घ्याले भेटन. सवय करून राह्यलो."

राखीच्या दिवशी जेलाच्या अंगणात मांडव टाकतात. बहिणी आत जाऊन भावाला राखी बांधतात, घरच्या बाया-लेकरांनाही सोडतात. मध्ये जाळी नाही, काही नाही, मांडीला मांडी लावून बसायचं. वर्षातून तेवढा एक दिवस. मागच्या राखीला गुड्डी पोटात होती. यंदा ती बापाच्या मांडीवर बसणार होती. मी आषाढापासूनच तिचा फ्रॉक धुऊन, घडी करून ठेवला होता.

*

आणि आषाढातच खाज आली.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, दाटीवाटीनं झोपणं, खाज कुठं होत नाही? पण मी जाळीतून यांची बोटं पाहिली, बेचक्यांमध्ये लाल पुरळ, आणि गुड्डीला जाळीपासून मागं ओढलं. आतले डॉक्टर चांगले होते. त्यांनी पांढरं औषध दिलं आणि समजावून सांगितलं. आधी साबण लावून आंग धुवायचं, मग गळ्यापासून पायापर्यंत औषध लावायचं, कपडे-कांबळी उन्हात टाकायची, आणि हे बराकीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं. एकजण राहिला की त्याच्यापासून पुन्हा सगळ्यांना. आणि बरं होईपर्यंत लहान लेकराला जवळ घ्यायचं नाही.

हे म्हणाले, "राखीपर्यंत नाही गेली तर मी गुड्डीले हात नाही लावत. दुरूनच पाहीन."

"सगळे लावून राह्यले न औषध?" मी विचारलं.

"सगळे. एक सोडून."

तो एक कोण, ते मला विचारावंच लागलं नाही. शेजारी फुलाआजीनं मान खाली घातली.

सोनबाजी आजोबा आंघोळ करत नसत. म्हणजे तोंड धूत, हातपाय धूत, अंगावर पाणी नाही. आजी म्हणायची, "लगनाच्या हयदीले धुतलं होतं, तेही चौघांनी धरून." जेलात आल्यावर तर त्यांना कारणच मिळालं. "इथलं पानी आंगावर घेतलं का मानूस इथलाच होऊन जाते. जमानत झाली का राजेगावच्या नदीत आंग धुईन." बराकीतल्या पोरांनी हातापाया पडून पाहिलं. गजाननानं साबणाचे तुकडे देऊ केले. आजोबा कांबळं ओढून कोपऱ्यात. आणि म्हाताऱ्या माणसाला जबरदस्ती कोण करणार?

आणि केस तरी काय, बांधावरून सख्ख्या मोठ्या भावाला काठी मारली. भावाचं डोकं फुटलं, ते बरं झालं, पण जमानत काही लवकर होईना. भाऊ शेजारच्याच घरात राहतो. आजी रोज त्यांच्या अंगणावरून पाण्याला जायची, पदर पुढं ओढून.

राखी जवळ येत चालली. मी झाडाखाली बसून फक्त आजीकडे पाहायची. आजी म्हणायची, "असी नको पाहू व पोरी. मी काय आत जाऊन घासू त्याले?"

*

तोड काढली ती मावशींनी.

"आजी, बुढा कवाच आंग धूत नाही?"

"कवाच नाही." आजी थांबली. "मरणाचं धुते. माय मेली तवा धुतलं, बाप मेला तवा धुतलं. सुतकाचं पानी कोन टाळते?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मी मावशींकडे. आजीला कळायला थोडा वेळ लागला.

"कोनाले मारता मंग?" आजीनं विचारलं.

मग झाडाखाली बसून आम्ही माणूस शोधायला लागलो. मावशी म्हणाल्या, "माह्यी सासू घ्या. मेलीच आहे ते." पण नातं आजोबांचं पाहिजे. मी म्हटलं, जित्या माणसाचं खोटं बोलू नका, पाप लागते, लेकराच्या नावानं तर नकोच. आजी विचार करत बसली आणि तिला आठवलं. नागपूरचा एक मावसभाऊ हिवाळ्यात वारला होता. तेव्हा आजोबांना उगाच त्रास नको म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

"हे बरं झालं," मावशी म्हणाल्या. "हे खोटं बी नाही. निस्तं शिळं आहे."

त्या दिवशी खिडकीवर आम्ही तिघी शेजारी शेजारी, पलीकडे ते तिघं. मी यांच्याशी बोलत होते, पण कान आजीकडे.

आजीनं डोळ्याला पदर लावला. "अजी, आयकलं का. नागपूरचे मावसभाऊ गेले."

"अरे अरे," आजोबा म्हणाले. "चांगला होता बिचारा." मग बोटांवर नातं मोजलं. "दूरचं सुतक हाये. पायावर पानी घेतलं का झालं."

मावशींनी कपाळावर हात मारला. यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले होते, ते आजीनं पाहिलं. मग तिला काय झालं देव जाणे. पदर काढला, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मंग जवळचं आयका. तुमचे दादा बी गेले."

आजोबांनी जाळी दोन्ही हातांनी धरली.

"कोनता दादा?"

"तुमचे दादा. माहे भासरे."

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांचं नाव बाई घेत नाही.

"कवा?"

"झालं सगळं. परवा." आजीनं पुन्हा पदर डोळ्याला लावला. ते खरंच वाटलं.

आजोबांचं डोकं खिडकीतून हळूहळू खाली गेलं. ते पलीकडे जमिनीवर बसले. गजानन खाली वाकला. आजी घाबरली, जाळीला तोंड लावून म्हणाली, "अजी, उठा, आयका तरी." तेवढ्यात घंटा झाली. वेळ संपली.

बाहेर आल्यावर तिवारीजींनी आजीला आपली खुर्ची दिली, पाणी दिलं. "अम्मा, भगवान की मर्ज़ी." आजी ते पाणी खाली मान घालून प्यायली.

झाडाखाली आलो. मग मावशी म्हणाल्या, "आजी, मावसभाऊ ठरला होता."

आजी म्हणाली, "तो कामी नाही आला."

*

पुढची मुलाकात येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. गुड्डीला पाजताना सारखं वाटायचं, आपल्या लेकरासाठी आपण एका म्हाताऱ्याला रडवलं. आजी तर ठरवूनच आली होती. "आज सांगून टाकतो. मारन तर मारू दे, जाळी हाये मधात."

खिडकीवर आधी हे आले. हात समोर धरले. बोटांच्या बेचक्या कोरड्या, पुरळ वाळून खपली धरलेली. मग सांगायला लागले.

त्या दिवशी आजोबा बराकीत न जाता सरळ नळावर गेले. डोक्यावरून बादली ओतून घेतली, कपड्यांसकट. मग दुसरी. आता मयताला जाऊन आल्यावर एकटा माणूस आंघोळ करतो का? सोबतचे सगळे करतात. म्हणून बराकीतले सगळे एकामागून एक नळावर गेले. ज्यांना आजोबांचा भाऊ काळा की गोरा माहीत नाही तेही गेले. न्हाव्याला बोलावून आजोबांनी डोकं आणि मिशी काढून टाकली. सुतकाचं म्हणून सगळ्यांनी आपापली कांबळी धुऊन उन्हात घातली. आणि गजाननानं पांढरं औषध आणलं तेव्हा आजोबा लहान लेकरासारखे हात वर करून बसले. डॉक्टर फेरीवर आले तर म्हणाले, अशी साफ बराक मी पाहिली नाही.

मी हसले आणि मग आजीकडे पाहिलं आणि हसू गेलं. आजोबा आले होते. गुळगुळीत डोकं, मिशी नाही, चेहरा अर्धा झालेला. आजीनं तोंड उघडलं. पण आजोबाच आधी बोलले.

"तो बांध दादाच्या पोराईले सोडून दे."

"काय?"

"सोडून दे म्हनलं. दादाच नाही तर मी कोनाशी भांडू? लहानपनी खांद्यावर बसवून मले यात्रेले नेलतं त्यानं. सांग त्याईले, काका भांडत नाही आता."

आजीचं तोंड तसंच उघडं राहिलं.

झाडाखाली मावशींनी विचारलं, "काहून नाही सांगतलं मंग?"

आजी किती तरी वेळ पिशवीचे बंद चाळवत बसली. मग म्हणाली, "लगन झाल्यापासून त्या बांधाचं आयकून राह्यली मी. आज पहिल्यांदा त्याच्या तोंडून चांगलं निंगालं. आता भासऱ्याले कसा जिता करू, तूच सांग."

पण निरोप मात्र आजीनं पोचवला. त्याच संध्याकाळी शेजारच्या अंगणात जाऊन, पदर पुढं ओढून, जावेला सांगितलं की आजोबांनी बांध सोडला. भासरे खाटेवर बसून बिडी ओढत होते. त्यांनी ऐकलं आणि बिडी विझवून टाकली, एवढंच.

*

राखीच्या दिवशी अंगणात मांडव होता, सतरंज्या होत्या, सगळीकडे अगरबत्तीचा वास. माझी नणंद तिरोडीहून पहिल्या गाडीनं आली होती. तिनं राखी बांधली, ओवाळलं. हे ओवाळून घेत होते पण डोळे गुड्डीवर. सकाळपासून कितीदा आंग धुतलं कोण जाणे, बोटांच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. नखं मुळापर्यंत काढलेली.

"डॉक्टरले विचारलं?" मी म्हटलं.

"तीनदा. चौथ्यांदा गेलो तर हाकलून देल्लं."

मी गुड्डीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ती रडली नाही. तिनं आधी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग गालावर हात मारून पाहिला, मध्ये जाळी आहे का म्हणून. नाही म्हटल्यावर तिनं त्यांचा कान धरला आणि सोडेचना. हे मान वाकडी करून तसेच बसून राहिले. मी दुसरीकडे पाहिलं. नणंद म्हणाली, "वहिनी, आज तरी नको रडू, फोडणी द्याले उशीर झाल्यावानी." ती कशालाही काहीही म्हणते.

पलीकडच्या सतरंजीवर मावशी आणि गजानन. गजाननाचा पायजमा आता अंगाबरोबर होता आणि दोन्ही हात पुन्हा मोकळे. अलीकडे आजी आणि आजोबा. आजोबांची बहीण गिरजाबाई गर्दीतून वाट काढत आली. हातात ताट, राखी, आणि कागदात बांधलेले पेढे. भावाचं डोकं पाहून ती उभीच राहिली.

"हे काय? कोन गेलं?"

आजोबांचे डोळे भरले. त्यांनी मान खाली घातली. गिरजाबाईला वाटलं जेलात सगळ्यांचीच अशी करतात, ती खाली बसली, राखी बांधली, टिळा लावला आणि पेढा त्यांच्या तोंडापाशी नेला.

"घे. दादानं देल्ले."

आजोबांनी तोंड मिटलं. "कोनता दादा?"

"आपल्याले दादा किती हायेत रे? आत्ताच तर बांधून आली त्याले सकाळी. बांधाचं आयकलं तसा रडून राह्यला होता. म्हने, वकिलाले सांगून केस मिटवतो, सोनबाले घरी आना. अन् हे पेढे धाडले."

गजाननाचे दोन्ही हात हवेतच राहिले. मावशी एकाएकी मांडवाचं कापड पाहायला लागल्या.

आजोबांनी गिरजाबाईकडे पाहिलं. पेढ्याकडे पाहिलं. डोक्यावरून हात फिरवला, मग जिथं मिशी होती तिथं. आणि सावकाश आजीकडे वळले.

"मंग मी आंग कोनासाठी धुतलं?"

आजीनं पदर सारखा केला. तिनं नजर खाली नाही केली. यांच्या मांडीवर गुड्डी अजून कान धरून बसली होती, तिच्याकडे तिनं फक्त हनुवटी केली.

"तिच्यासाठी."

आजोबा गुड्डीकडे पाहत राहिले. गुड्डी त्यांच्या चमकत्या डोक्याकडे पाहत राहिली. मग त्यांनी धोतराला हात पुसले, आधी तळवे, मग मागची बाजू, बोटांच्या बेचक्या पसरून माझ्यासमोर धरल्या, आणि म्हणाले,

"पाहून घे. अन् दे इकडे."